मुकुट, कचेरी आणि गंगेवरील गवळीवाडा

माळशिरस तालुक्यातील माध्यमिक शाळांत इंग्रजीतील ‘फिगर्स ऑफ स्पीच’ हे प्रकरण जितके दुर्बोध मानले जाते तितके ते वस्तुतः नाही. कारण सिमिली म्हणजे उपमा, मेटॅफर म्हणजे रूपक आणि हायपरबोली म्हणजे अतिशयोक्ती, ही ओळख मराठी व्याकरणाच्या तासाला आधीच झालेली असते.

खरी अडचण येते ती मेटॉनिमीपाशी. इंग्रज लेखक ‘मुकुट’ म्हणतो तेव्हा त्यास राजसत्ता अभिप्रेत असते, आणि ‘व्हाइटहॉल’ या लंडनमधील रस्त्याचे नाव घेतो तेव्हा तेथील सरकारी खात्यांचा कारभार. परंतु आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर असे मुक्काम करीत पंढरीकडे निघाली असता ‘सारा गाव दर्शनाला लोटला’ असे जो म्हणतो, किंवा ‘कचेरीने अर्ज नामंजूर केला’ अशी जो तक्रार करतो, तोही हाच अलंकार बिनदिक्कत वापरीत असतो. आपल्या काव्यशास्त्राने हा व्यापार ‘लक्षणा’ या शब्दशक्तीत घातला, आणि ‘गंगेवर गवळीवाडा’ म्हणजे प्रवाहावर नव्हे, तीरावर, हे उदाहरण मम्मटाच्या ‘काव्यप्रकाशा’तही आढळते. ही मांडणी, माझ्या मते, इंग्रजी क्रमिक पुस्तकांतील याद्यांहून अधिक मूलगामी आहे.

राहता राहिला लायटोटिस, म्हणजे नकारातून केलेली संयत स्तुती. इंग्रज गृहस्थाने ‘नॉट बॅड’ म्हटले तर खट्टू होऊ नये. आपला बागायतदारसुद्धा उत्तम पिकाविषयी ‘ऊस काही वाईट नाही’ एवढेच म्हणतो.