काट्याला न कळलेल्या गोष्टी

वजन कमी करण्याचं ऑपरेशन होऊन मला आता चौदा महिने झाले. या चौदा महिन्यांत भेटलेल्या प्रत्येकीने पहिला प्रश्न एकच विचारला, "किती उतरलं गं?" फलटणच्या माहेरच्या मैत्रिणी, नणंदा, जावा, कर्वेनगरातली आमची भाजीवाली मावशी... सगळ्यांचा हाच प्रश्न. तेव्हा उत्तर आधीच सांगून टाकते. १०४ किलो होते, आज ७१ आहे. तेहतीस किलो!

पण मैत्रिणींनो, खरी गंमत त्या तेहतीस किलोंत नाहीच. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी सगळे धोके नीट समजावून सांगितले होते. रक्तस्राव, टाके सैल होणं, जंतुसंसर्ग, सगळं वाचून मी कागदावर सही केली. पण नंतर जे सुखद धक्के बसत गेले, ते मात्र कुठल्याच कागदावर लिहिलेले नव्हते. आज त्यांच्याविषयीच सांगायचंय.

आधी थोडी माझी कुंडली मांडते. वय शेहेचाळीस, उंची पाच फूट एक इंच. सात वर्षांचा डायबिटीस, सोबत ब्लडप्रेशर. झोपेत श्वास अडकायचा, दचकून जाग यायची. डाएट, चालणं, काढे, सगळं करून झालं होतं. तीनदा दहा-बारा किलो उतरवले, तीनही वेळा ते व्याजासकट परत आले. आणि प्रत्येक वेळी कानावर तेच वाक्य, "जरा तोंडावर ताबा ठेव." हे वाक्य नीट लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्याचीच आहे.

माझं झालं ते 'स्लीव्ह'चं ऑपरेशन. यात दुर्बिणीतून जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात. उरते ती केळ्याच्या आकाराची नळी. या शस्त्रक्रियांची कूळकथाही बायकांपासूनच सुरू होते बरं का! अमेरिकेतल्या आयोवा इथले सर्जन एडवर्ड मेसन यांच्या लक्षात आलं, की अल्सरसाठी ज्या बायकांच्या जठराचा भाग काढावा लागला, त्यांचं वजन पुन्हा वाढतच नाही. त्यावरून त्यांनी १९६६ मध्ये वजनासाठीचं पहिलं 'गॅस्ट्रिक बायपास' केलं.

भूक गप्प बसली

ऑपरेशनच्या दिवशी संध्याकाळीच नर्सने धरून मला वॉर्डात चालवलं. दुसऱ्या दिवशी हातात आलं औषधाचं इवलंसं माप, ३० मिलीचं. त्यातून पाणी प्यायचं, तेही घोट घोट. मला वाटलं, आता भुकेने जीव जाणार! ह्यांनी तर घरात बिस्किटंसुद्धा लपवून ठेवली होती.

आणि भूक लागलीच नाही! चौथ्या दिवशी घरी आले. स्वयंपाकघरात कांद्याची फोडणी पडली, मुलाने वडापाव आणला, तरी मी आपली ढिम्म. आयुष्यभर कानाशी वाजणारा रेडिओ कुणीतरी बंद केल्यासारखं वाटलं.

आमच्या आहारतज्ज्ञ बाईंनी याचं कारण सांगितलं. जठरात 'घ्रेलिन' नावाचं एक संप्रेरक तयार होतं. १९९९ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी ते शोधून काढलं. हेच मेंदूला जाऊन सांगतं, "भूक लागली, काहीतरी खा." जठराच्या ज्या भागात ते सर्वात जास्त तयार होतं, नेमका तोच भाग या ऑपरेशनमध्ये जातो. शिवाय डाएट करून वजन उतरवलं, की शरीर घ्रेलिन वाढवतं आणि जास्तच भूक लावतं. म्हणजे तीनदा उतरवलेलं वजन परत आलं, त्यात शरीराचंही डोकं होतं!

त्या दिवशी बाईंसमोर मी रडले. दुःखाने नाही हो, हलकं वाटून. पंचवीस वर्षं ज्याला सगळे हावरटपणा म्हणत होते, त्याला एक नाव होतं, एक जागा होती, एक रसायन होतं. (आता वर्षभराने थोडी भूक परत आली आहे. पण ती साधी, शहाण्या पाहुण्यासारखी वेळेवर येते आणि चार घासांत समाधानाने जाते.)

साखरेचा चमत्कार

दुसरा धक्का पहिल्याच आठवड्यात. वजन जेमतेम चार किलो उतरलं होतं, आणि सकाळची शुगर नॉर्मलच्या घरात! मशीन बिघडलं असं समजून ह्यांनी स्वतःचं बोट टोचून पाहिलं. डॉक्टरांनी आधी इन्सुलिन बंद केलं, मग एकेक गोळी कमी केली.

यात मी एकटीच चकित झाले असंही नाही. नॉर्थ कॅरोलिनातले सर्जन वॉल्टर पोरिस यांनाही आपल्या पेशंटांमध्ये हेच दिसलं होतं. १९९५ मध्ये त्यांनी त्यावर जो शोधनिबंध लिहिला, त्याच्या मथळ्याची सुरुवातच 'असं कुणाला वाटलं असतं?' अशा अर्थाची आहे. वजन उतरण्याची वाटही न बघता साखर खाली येते. कारण खाणं एकदम कमी होतं आणि आतड्यातून निघणारी संप्रेरकंही बदलतात. अर्थात डायबिटीस कायमचा गेला असं समजून चालत नाही. तो परत येऊ शकतो, म्हणून तपासण्या चालूच ठेवायच्या.

यावर माझी धाकटी जाऊ हिरमुसून म्हणाली, "वहिनी, मी तर काडीसारखी. मग मला का डायबिटीस?" तिच्या प्रश्नाचं उत्तर आपल्या पुण्यातच आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! आपण भारतीय वरून बारीक दिसलो तरी आत चरबी बाळगून असतो. तेव्हा बारीक दिसते ती संयमी आणि जाड दिसते ती खादाड, हा हिशोबच कच्चा. जावेला आणि मला, दोघींनाही हे ऐकून बरं वाटलं.

जोडवी, शाल आणि पर्वती

मग लहानसहान गमतींची रांगच लागली. दुसऱ्या महिन्यात पायातली जोडवी गळून पडली. पाऊलसुद्धा बारीक होतं, हे मला ठाऊकच नव्हतं! तुळशीबागेत दोन-दहाच्या बांगड्या मागायची सवय. कासाराने हात बघितला आणि न बोलता दोन-सहाच्या पुढे केल्या.

कितीतरी वर्षांनी मी माझ्या पायाची नखं स्वतः कापली. ज्यांना वाकता येतं त्यांना यातलं सुख कळायचं नाही. आधी हे काम लेक करायची आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

तिसऱ्या महिन्यात एका रात्री ह्यांनी मला गदागदा हलवून उठवलं. का, तर माझं घोरणं थांबलं होतं आणि हे घाबरले होते! डिसेंबरात मला चक्क थंडी वाजायला लागली. एरवी पंखा बंद करू न देणारी मी, सोलापुरी चादर आणि वर शाल घेऊन बसले. बसमध्ये दोघींच्या सीटवर माझ्या शेजारी एक बाई सहज येऊन बसली. पूर्वी माझ्या शेजारची जागा रिकामी असली तरी बायका दांडा धरून उभ्या राहायच्या.

आणि पर्वती! १०३ पायऱ्या. लग्न होऊन पुण्यात आले त्या वर्षी चढले होते, त्यानंतर पायथ्याशी चपला सांभाळत बसणं हेच माझं काम. या पाडव्याला वर गेले. तीनदा थांबले, पण गेले. वरून अख्खं पुणं दिसतं म्हणतात. मला मात्र आधी दिसला तो पायथ्याचा माझा नेहमीचा कट्टा.

उरलंसुरलं

पण सर्वात मोठा धक्का दिला तो आमच्या घरानेच.

आपल्या घरांतून बाईने सगळ्यांना वाढून शेवटी जेवायचं. तेही ओट्याशी, घाईघाईने. कढईतली चमचाभर भाजी, मुलाने टाकलेली अर्धी पोळी, कालचा भात... "अन्न टाकू नये" म्हणत ते सगळं कुणाच्या पोटात जातं? ते कुणी मोजत नाही आणि बाईच्या ताटातही दिसत नाही. दिसतं ते फक्त तिचं वजन.

ऑपरेशननंतर हे शक्यच नव्हतं. एका वेळी जेमतेम अर्धी वाटी. घास पंचवीस-तीस वेळा चावायचा, जेवताना पाणी प्यायचं नाही, जेवणाला अर्धा तास द्यायचा. घाई केली की लगेच छातीत दाटायचं, उलटी व्हायची. हे सगळं उभ्याने, ओट्याशी कसं जमणार? मग मी पानावर बसायला लागले. सर्वांच्या बरोबर, किंबहुना थोडी आधीच.

सुरुवातीला सगळे गोंधळले. मग मुलगा उठून पोळ्या आणायला लागला. हे स्वतःची आमटी स्वतः घ्यायला शिकले. उरलेल्या भाताचं काय करायचं, असा प्रश्न घरात पहिल्यांदाच विचारला गेला. उत्तर सोपं होतं, कुकर कमी लावायचा!

एका दुपारी सासूबाई मुगाच्या डाळीचं पाणी गाळत होत्या, माझ्यासाठी. वय एकोणऐंशी. मी म्हटलं, "आई, तुम्ही कशाला त्रास घेता?" त्या म्हणाल्या, "अगं, मी जन्मभर शेवटच्या पंगतीला बसले. गरम पोळी कशी लागते ते मला विचारू नकोस. तू तरी बस." तेव्हापासून आम्ही दोघी एकत्र बसतो. त्यांना पहिली गरम पोळी, मला पहिला पाव चतकोर!

सगळंच गोड नाही

एवढं वाचून कुणाला वाटेल, चला, आपणही करून टाकू. थांबा जरा. चौथ्या महिन्यात माझे केस मूठमूठ गळले. आठव्या महिन्यात नवीन यायला लागले. दंडाची, पोटाची कातडी लोंबते. रोज साधारण ६० ग्रॅम प्रथिनं पोटात गेलीच पाहिजेत, आणि शाकाहारी बाईला ताक, पनीर, डाळी, सोयाबीन, प्रोटीन पावडर यांचा रोज हिशोब मांडावा लागतो. बी-१२, लोह, कॅल्शियम, डी जीवनसत्त्व यांच्या गोळ्या जन्मभर. साबुदाण्याच्या खिचडीवरचे उपास बंद. मूल हवं असलेल्या मुलींनी ऑपरेशननंतर किमान वर्ष-दीड वर्ष थांबायचं असतं.

पैशाचंही बघा. विमा नियामकांच्या २०१९ च्या नियमांनुसार बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त असेल, किंवा ३५ वा त्याहून जास्त असून हृदयविकार, आटोक्यात नसलेला डायबिटीस, झोपेत श्वास अडकणं असे गंभीर आजार असतील आणि इतर उपाय थकले असतील, तर हा खर्च विम्यात बसू शकतो. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय सूचना मात्र आपल्यासारख्या आशियाई लोकांसाठी २७.५ च्या पुढेच ऑपरेशनचा विचार करायला सांगतात. म्हणजे डॉक्टर 'हो' म्हणाले तरी विमा कंपनी 'नाही' म्हणू शकते. पॉलिसी आधी वाचून घ्या. वजनासाठी आठवड्यातून एकदा घ्यायची इंजेक्शनंही २०२५ मध्ये आपल्याकडे आली आहेत. कुणाला काय योग्य, हे डॉक्टरांनीच ठरवायचं.

आणि केलंत, तर लपवू नका. २०११ मध्ये भाजपचे तेव्हाचे अध्यक्ष नितीन गडकरी यांनी असं ऑपरेशन करून घेतलं, ते सगळ्यांना कळलं आणि लोकांनी त्यांच्या तब्येतीची चौकशी केली. आपल्यापैकी कुणी केलं की मात्र "गर्भाशयाचं होतं" असं सांगितलं जातं! आजारावर उपचार घेतले, यात लाज कसली?

ज्यांना ऑपरेशनची गरज नाही, अशाच मैत्रिणी हे वाचणाऱ्यांत जास्त असतील. त्यांना एवढंच सांगते. गरम पोळी, बसून जेवायला अर्धा तास, आणि कढईतलं उरलेलं संपवायची सक्ती नसणं, यासाठी पोटाला एकही टाका पडावा लागत नाही. आज संध्याकाळी कुकर थोडा कमी लावा आणि सगळ्यांच्या बरोबर पानावर बसा. पहिल्या दिवशी घरचे चकित होतील. होऊ देत.