साठ की आठ? : पेढीवरचा संगणक आणि बिनतारी हेडसेट

कोल्हापुरी गुळाचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे गुजरात. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची व्यापारपेठ वसविली. तेव्हापासून येथील अडत्यांचे बोलणे परमुलखाशी चालत आले आहे. आधी पत्राने व तारेने, मग ट्रंककॉलने, आता मोबाईलने आणि संगणकावरील दूरदृश्य बैठकीने. साधने पालटली, जोखीम मात्र तीच राहिली. समोरच्याने ‘साठ’ म्हटले की ‘आठ’? मराठी, गुजराती आणि हिंदी या आपल्या घरांत नांदणाऱ्या तिन्ही भाषांत या दोन आकड्यांमधील अंतर एका ‘स’चे आहे. बिनतारी हेडसेट संगणकाला जोडल्यावर पुष्कळदा नेमका हा ‘स’च हरवतो. दोष ना हेडसेटचा असतो, ना इंटरनेटचा.

मुळात जोडणी अवघड नाही. पेढीवरील जुन्या मेजावरच्या संगणकांत ब्लूटूथची सोय बहुधा नसते. त्यासाठी यूएसबीच्या खाचेत बसणारा बोटाच्या पेराएवढा डोंगल घ्यावा लागतो. लॅपटॉपमध्ये ती सोय अंगचीच असते. हेडसेटचे बटण दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरावे, संगणकाच्या सेटिंग्जमध्ये ब्लूटूथ उघडून नवे उपकरण जोडण्याचा पर्याय निवडावा, यादीत नाव दिसले की त्यावर टिचकी मारावी. नाव दिसतच नसेल तर आधी चिरंजीवांच्या मोबाईलकडे पाहावे. हेडसेट पूर्वी ज्या मोबाईलशी जोडला गेला, तो जवळ असला की त्यालाच जाऊन बिलगतो. त्या मोबाईलचे ब्लूटूथ क्षणभर बंद केले की मार्ग मोकळा होतो.

खरी अडचण पुढे आहे. ब्लूटूथमध्ये ध्वनी वाहून नेण्याच्या दोन निराळ्या रीती आहेत. एकीत संगणकाकडून कानाकडे भरघोस, दोन्ही कानांत वेगवेगळा असा ध्वनी जातो. पण तो एकाच दिशेने. दुसरी रीत संभाषणाची. तिच्यात येणे व जाणे दोन्ही असल्याने प्रत्येक दिशेच्या वाट्याला अरुंद जागा येते, जणू गुजरीच्या गर्दीत समोरासमोर आलेल्या दोन गाड्या. स्तवन ऐकताना गोड वाटणारा हेडसेट बैठक सुरू होताच डब्यातून बोलल्यासारखा का होतो, याचे उत्तर येथे आहे. मायक्रोफोन उघडला की संगणक गुपचूप पहिल्या रीतीवरून दुसरीवर येतो. विंडोज १० मध्ये एकाच हेडसेटची ‘हेडफोन्स’ आणि ‘हेडसेट’ अशी दोन नावे दिसतात ती यामुळेच. विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत नाव एकच दिसते, पण आतली अदलाबदल चालूच राहते.

संभाषणाची जुनी रीत दूरध्वनीच्या मापाने आखलेली आहे. सेकंदाला सुमारे ३०० ते ३४०० कंपने एवढाच पट्टा तिच्यातून जातो. स्वर त्यात पुरतेपणी मावतात. ‘स’चा सीत्कार मात्र मुख्यतः ४००० कंपनांच्या वर असतो. तो गळून पडला की ‘साठ’मधून ‘आठ’ उरतो. पुढे आलेल्या सुधारित रीतीत ही मर्यादा ७००० कंपनांच्या आसपास गेली, पण हेडसेट आणि संगणक दोघांकडे ती असेल तरच तिचा लाभ मिळतो.

उपाय बिनखर्ची आहे. ऐकण्यासाठी हेडसेट आणि बोलण्यासाठी लॅपटॉपचा स्वतःचा मायक्रोफोन अशी कामाची वाटणी करावी. झूमसारख्या बैठकीत मायक्रोफोनच्या चिन्हालगत लहानसा बाण असतो. तेथे दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या निवडता येतात. हेडसेटवर बोलण्याचा भार नसला की तो पहिल्याच रीतीत राहतो आणि ‘स’ परत येतो. मेजावरच्या संगणकाला मायक्रोफोन नसेल, तर तारेचा साधा मायक्रोफोन पुरतो. कराच्या सुनावण्याही आता दूरदृश्य पद्धतीने होतात. त्या दिवशी ही व्यवस्था आदल्या संध्याकाळीच तपासलेली बरी.

ध्वनी तुटक येत असेल तर कारण निराळे. ब्लूटूथ, वायफाय आणि स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह ओव्हन हे सारे २.४ गिगाहर्ट्झच्या एकाच पट्ट्यात वावरतात. ब्लूटूथ सेकंदाला १६०० वेळा जागा बदलून गर्दीतून वाट काढते. पण लोखंडी कपाटापुढे आणि तिजोरीपुढे त्याची मात्रा चालत नाही. सराफी पेढीत गल्ल्याखाली, पोलादी खणात ठेवलेला संगणक म्हणूनच कुरकुरतो. डोंगल शेजारी यूएसबी ३.० ची जोडणी असेल तर तिचा गोंगाटही याच पट्ट्यात पसरतो. हातभर लांबीची यूएसबी वायर घेऊन डोंगल गल्ल्यावर आणून ठेवला, की बहुतेक तक्रारी मिटतात.

(‘ब्लूटूथ’ हे नाव दहाव्या शतकातील डेन्मार्कचा राजा हॅराल्ड याचे टोपणनाव. विखुरलेल्या टोळ्या एकत्र आणणारा म्हणून त्याची ख्याती. १९९८ मध्ये एरिक्सन, आयबीएम, इंटेल, नोकिया आणि तोशिबा या पाच कंपन्या याच नावाखाली एकत्र आल्या.)

नवा हेडसेट घ्यायचाच असेल तर दुकानदाराला ‘एलई ऑडिओ’ आहे का, हे विचारावे. २०२० साली जाहीर झालेल्या या पद्धतीत दोन रीतींमधील हा जुना तिढा पुष्कळ अंशी सुटतो. मात्र संगणकही तिला अनुकूल हवा. दिवसभर गादीवरून न उठणाऱ्या दिवाणजींसाठी मला आजही तारेचाच हेडसेट योग्य वाटतो. त्याला चार्जिंग नको, जोडणी नको, आणि ‘स’ कधी हरवत नाही.

घरातील ज्येष्ठांचा विचार वेगळा करावा लागतो. सामायिकाच्या ४८ मिनिटांत यंत्र दूरच असते. पण पर्युषणात गावोगावची प्रवचने संगणकावर ऐकण्याची सवय अनेक घरांत रुजली आहे. वाढत्या वयात उंच कंपनांचे ध्वनी कानाला आधी कमी होतात, म्हणजे ‘स’ अगोदरच अर्धा गेलेला असतो. त्यात मायक्रोफोन उघडा राहिला तर उरलेलाही जातो आणि आजी म्हणतात, महाराजसाहेबांचा शब्द नीट कळत नाही. आवाज वाढवून उपयोग होत नाही. बैठकीतील मायक्रोफोनची निवड बदलून द्यावी; अर्ध्या मिनिटाचे काम आहे, आणि ते नातवाने निघण्यापूर्वीच करून ठेवावे.