२२ मिलिमीटरचं पितळ

वरोऱ्याहून चिमूरकडे निघालं की पुढे ताडोबाच्या बफरमधली गावं लागतात. इथे सरपणाला जंगलात जाणं म्हणजे वाघाच्या वाटेत जाणं. त्यातून दरवर्षी माणसं दगावतात. म्हणून वनखात्याने जन-वन विकास योजनेतून बफरमधल्या घरांना गॅस दिला. २०१६ च्या मे महिन्यात उज्ज्वला योजना आली आणि चुलीशेजारी लाल सिलिंडर उभा राहिला. भाव चढला की चूल पुन्हा पेटते, हे खरंच. पण तो वेगळा विषय. हा लेख आहे सिलिंडरच्या माथ्यावरच्या पितळी तोंडाचा.

बाहेरून २२ मिलिमीटर जाडीचं हे तोंड. आत एक स्प्रिंग, तिच्यावर एक दांडी आणि कडेला रबराचं काळं वायसर. दांडी खाली दाबली नाही तर गॅस बाहेर येत नाही. ती दाबायचं काम रेग्युलेटरचं. त्याचं काळं कडं वर ओढून तोंडावर बसवायचं आणि सोडायचं; आतल्या पोलादी गोळ्या खाचेत अडकतात आणि 'कट्' असा आवाज येतो. पण इतक्यानेही गॅस सुरू होत नाही. खटका फिरवल्यावरच रेग्युलेटरची पिन त्या दांडीला खाली ढकलते. खटका चालू असताना रेग्युलेटर निघू नये, अशीही सोय त्यात आहे. या दोन पायऱ्या वेगळ्या ठेवणारा कारागीर कोण होता कुणास ठाऊक, पण घाईत असणारी माणसं त्याला चांगली ठाऊक असावीत.

सिलिंडरच्या आत गॅसचा दाब दर चौरस सेंटिमीटरला पाच-सात किलोपर्यंत असतो. चंद्रपूरच्या मे महिन्यात तो आणखी चढतो. शेगडीला मात्र लागतो जेमतेम ३० ग्रॅम. एवढा उतार रेग्युलेटरमधला रबरी पडदा सांभाळतो. हॉटेलच्या भट्टीचं एवढ्यावर भागत नाही, म्हणून तिथे रेग्युलेटरऐवजी जास्त दाबाचा अडॅप्टर लागतो. तोही याच तोंडावर बसतो. घरगुती लाल सिलिंडर रस्त्यावरच्या टपरीत इतक्या सहज जातो, त्याचं एक कारण हेच आहे. इंडेन, एचपी, भारत, कंपनी कुठलीही असो, तोंड एकच. ग्राहकाला त्यात सोय आहे, आणि काळाबाजार करणाऱ्यालाही.

सगळीकडे असं नाही. इंग्लंडात ब्यूटेनच्या सिलिंडरला २१ मिलिमीटरचं तोंड, तर प्रोपेनला आट्यांचं, आणि ते आटे उलटे. इथला रेग्युलेटर सामानात घालून नेणाऱ्या मराठी संसाराला तो तिथे फक्त शोभेला ठेवता येतो. बिअरच्या पिंपांचंही तेच. त्यावर बसणाऱ्या कपलरच्या ए, डी, एस, जी, यू, एम अशा जाती आहेत. अमेरिकन डी आणि युरोपीय एस दिसायला जुळे, पण एसची आतली नळी थोडी लांब. जोडी चुकली तर बिअर नीट निघत नाही, फार तर फेस अंगावर येतो. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ ते २०२१ दारूबंदी होती, तेव्हा हा प्रश्न निदान कागदावर तरी पडत नव्हता.

फेसाच्या जागी स्फोट असला की कारागिरी कडक होते. वेल्डिंगच्या कोणत्याही दुकानात पाहा: ऑक्सिजनच्या नटाला सुलटे आटे, ॲसिटिलिनच्या नटाला उलटे, आणि त्याच्या कडेला खाचा. अंधारात बोटांनी चाचपलं तरी कळावं म्हणून. काम करणाऱ्याला वाचता येतं का, याची त्या नटाला पर्वा नाही. ऑक्सिजनच्या जोडाला तेल-ग्रीस लावायचं नाही, हा नियम मात्र कुठल्या आट्यात कोरता येत नाही. तो उस्तादाने शागिर्दाला ओरडूनच शिकवावा लागतो.

भारतात वापरायच्या सिलिंडरला आणि त्याच्या तोंडाला मंजुरी लागते ती पेसोची, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेची. तिचं मुख्यालय वरोऱ्याहून शंभरेक किलोमीटरवर, नागपुरात आहे. १८९८ साली स्फोटकांसाठी सुरू झालेलं हे खातं. २०२१ च्या एप्रिलमध्ये ऑक्सिजनसाठी सिलिंडर कमी पडू लागले, तेव्हा नायट्रोजन आणि आर्गॉनचे सिलिंडर ऑक्सिजनला वापरण्याची मुभा याच खात्याने दिली. पण नुसती टाकी धुऊन चालत नव्हतं. तिचं तोंडही बदलावं लागत होतं. जोडाने आयुष्यभर केलेला मज्जाव मोडायचा तर जोडच काढून टाकावा लागतो.

दवाखान्यातल्या लहान सिलिंडरवर हा मज्जाव सर्वांत नेटका दिसतो. गॅसच्या भोकाखाली दोन लहान खड्डे असतात आणि सिलिंडर पकडणारं जू बसवलं की त्याच्या दोन पिना त्यात शिरतात. ऑक्सिजनची जागा २ आणि ५, भुलीच्या नायट्रस ऑक्साइडची ३ आणि ५. पिना जुळल्या नाहीत तर जू बसत नाही, मग भूलतज्ज्ञ कितीही घाईत असो. फक्त एक पळवाट राहते. जू आणि सिलिंडर यांच्यामध्ये एक सपाट वायसर असतं. गळती थांबवायला कुणी एकावर एक दोन ठेवली, तर पिना खड्ड्यापर्यंत पोचत नाहीत आणि नको तो सिलिंडरही निमूट बसतो. म्हणून सिलिंडर बदलताना आधी जुनं वायसर निघालंय का ते बघतात, मग नवं घालतात.