वेळेआधी फिटलेलं कर्ज

ग्रामीण शाखेच्या कर्ज विभागात माझी 22 वर्षं गेली. विहिरीसाठी उचललेल्या पैशात मुलीचं लग्न उरकलेलं इतक्यांदा पाहिलं, की पाहणीला गेलो की आधी घराच्या भिंतीवर लग्नाची तारीख रंगवलीय का ते बघायचो. एकानं तर शेजाऱ्याचीच विहीर आपली म्हणून दाखवली होती. त्यामुळे मध्य आफ्रिकेतल्या चाड देशाचं तेलकर्ज मला परकं वाटलंच नाही.

चाडच्या दक्षिणेला डोबा भागात तेल आहे, पण देशाला समुद्र नाही. म्हणून कॅमेरूनमधून क्रिबीच्या किनाऱ्यापर्यंत 1,070 किलोमीटरची पाइपलाइन टाकायची ठरली. 2000 साली जागतिक बँकेनं कर्ज मंजूर केलं. अटी अशा, की आमच्या हेड ऑफिसला हेवा वाटावा. रॉयल्टी आणि लाभांश सरकारच्या हाती न पडता लंडनच्या एस्क्रो खात्यात जाणार. त्यातले 10 टक्के पुढच्या पिढ्यांसाठी बाजूला. उरलेल्यातले 80 टक्के शाळा, दवाखाने, रस्ते, पाणी, शेतीला. 5 टक्के डोबाला. तसा कायदाच 1999 मध्ये केलेला.

पण करारावर सही होताना कंपन्यांनी दिलेला बोनस या कायद्यात बसत नव्हता. 2003 मध्ये तेल वाहू लागलं; त्याच्या आधीच, सुमारे 2.5 कोटी डॉलरच्या त्या बोनसमधले 40 लाखांच्या आसपास शस्त्रांवर गेले.

अध्यक्ष इद्रिस देबी यांची भीती काही खोटी नव्हती. 1990 मध्ये ते स्वतःच सुदानच्या बाजूनं सैन्य घेऊन आले आणि सत्तेवर बसले. ती वाट इतरांनाही ठाऊक होती. 2006 च्या सुरुवातीला त्यांनी कायदा फिरवला. पुढच्या पिढ्यांचा निधी मोडला आणि विकासाच्या यादीत ‘सुरक्षा’ घातली. बँकेनं कर्जं रोखली, एस्क्रो खातं गोठलं, मग काही महिन्यांत तडजोड झाली. फेब्रुवारी 2008 मध्ये बंडखोर राजधानी एन्जामेनात घुसलेच.

त्याच वर्षी तेल पिंपाला 140 डॉलरच्या वर गेलं. सप्टेंबरमध्ये चाडनं उरलेले 6.57 कोटी डॉलर एकरकमी भरले आणि बँकेला मोकळं केलं.

खातं बंद, थकबाकी शून्य. आमच्या शाखेत अशा कर्जदाराला दिवाळीला मिठाईचा पुडा जायचा. विहीर बघायला मग कोणी जात नसे.