मोहेर का चमकते?

दोन लोकरी स्वेटर शेजारी ठेवा. मेंढीच्या लोकरीचा मंद दिसेल, मोहेरचा रेशमासारखा चमकेल. मोहेर ही अंगोरा शेळीची लोकर. प्रत्येक केसावर सूक्ष्म खवले असतात. मेंढीच्या केसावर ते कौलांसारखे उठावदार, एकमेकांवर चढलेले. त्यांवर पडलेला प्रकाश विखुरतो. मोहेरचे खवले पातळ आणि केसाला चिकटून असतात. पृष्ठभाग गुळगुळीत, म्हणून प्रकाश एकसंध परततो. याच कारणाने मोहेर सहसा आटत नाही. करडाचे केस सर्वांत तलम; वय वाढते तसे ते जाड होतात.

ही शेळी तुर्कस्तानातील अंकारा परिसरातली. ऑटोमन राजवटीने तिची मक्तेदारी कसोशीने जपली. 1838 मध्ये 12 बोकड आणि 1 शेळी दक्षिण आफ्रिकेला निघाले. बोकडांचे खच्चीकरण आधीच झाले होते, म्हणजे वंशवाढीची वाट बंद! पण शेळी गाभण होती आणि तिला नर करडू झाले. या विलक्षण योगायोगातून तिथे पैदास सुरू झाली. 1849 मध्ये अंगोरा शेळ्या अमेरिकेत पोहोचल्या. पुढे टेक्सास त्यांचे मोठे केंद्र बनले. आज जगातील सुमारे निम्मी मोहेर दक्षिण आफ्रिकेतून येते.