आठवीचा उंबरठा आणि घराची तयारी

मे महिन्याच्या अखेरीस तालुक्याच्या पेठेत गडबड असते. लग्नसराई ओसरत आलेली असते आणि पावसाळ्यापूर्वीची खरेदी सुरू झालेली असते. कापडाच्या दुकानात गणवेशाचे तागे फळीवरून खाली येतात, वह्या-पुस्तकांच्या दुकानात माल उतरतो, छत्र्या आणि रेनकोट दारात टांगले जातात. गावातील सगळ्या मुलांची शाळा सुरू व्हावी म्हणून लागणारी सामग्री याच दुकानांतून घरोघर जाते. नेमक्या याच दिवसांत त्या दुकानदाराचा स्वतःचा मुलगा किंवा मुलगी सातवी उत्तीर्ण होऊन हायस्कूलमध्ये जाण्याच्या बेतात असते. तिच्यासाठी वह्या, दप्तर, बूट यांपैकी कशाचीच वाण पडत नाही. वाण पडते ती शांतपणे शेजारी बसून बोलणाऱ्या माणसाची.

२००९ चा शिक्षण हक्काचा कायदा आठवीपर्यंतचे शिक्षण हे प्रारंभिक शिक्षण मानतो. तरीही व्यवहारात महाराष्ट्रातील अनेक गावांत जिल्हा परिषदेची शाळा चौथीला किंवा सातवीला संपते आणि पुढे तालुक्याच्या हायस्कूलची वाट धरावी लागते. त्यामुळे आजही असंख्य मुलांच्या आयुष्यात ‘मोठी शाळा’ आठवीपासूनच सुरू होते. पश्चिम महाराष्ट्रात ती जूनच्या मध्यावर उघडते, विदर्भात उन्हामुळे थोडी उशिरा. सुट्टी लागल्यापासून त्या दिवसापर्यंतचे काही आठवडे ही तयारीची खरी मुदत असते.

काय बदलते?

प्राथमिक शाळेत एकदोन शिक्षकच वर्गाला सांभाळतात. त्यांना मुलाचे घर ठाऊक असते, आजोबांचे नाव ठाऊक असते, मूल गप्प बसले तर त्याचे कारणही ठाऊक असते. हायस्कूलमध्ये तासागणिक शिक्षक बदलतो. वर्ग मोठा असतो, अनेक गावांची मुले एकत्र येतात आणि मैदानावर दहावीची उंच मुले वावरत असतात. काल ज्या शाळेत हे मूल सर्वांत मोठे होते, तेथून ते आज नवख्यांच्या रांगेत उभे राहते. शिवाय वय तेराचे असते. शरीर बदलत असते, आवाज बदलत असतो आणि आईवडिलांना सगळे सांगण्याची सवय याच सुमारास कमी होऊ लागते.

म्हणून शाळा उघडण्यापूर्वी एकदा मुलाला घेऊन तेथे जाऊन यावे. वर्ग कोणत्या मजल्यावर आहे, पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह कोठे आहे, एसटी कोठे थांबते आणि परतीची गाडी चुकली तर कोणाच्या घरी किंवा दुकानात थांबायचे, एवढ्या गोष्टी आधी पाहून ठेवल्या तरी पहिल्या दिवसाची निम्मी भीती ओसरते. व्यापारी घरांचे नातेसंबंध प्रत्येक पेठेत असतात. त्यांतील एक विश्वासाचे घर मुलाला दाखवून ठेवावे. ग्रामीण भागातील मुलींना शाळेत जाण्यासाठी एसटीचा पास मोफत मिळतो आणि मुलांनाही मासिक पासात सवलत असते. त्याची चौकशी शाळेच्या कार्यालयात पहिल्याच आठवड्यात करावी. मुलीच्या बाबतीत आईने किंवा मोठ्या बहिणीने मासिक पाळीविषयी संकोच न ठेवता आधीच बोलावे. आवश्यक ते दप्तरात कोठे ठेवायचे आणि अडचण आली तर कोणत्या बाईंकडे जायचे, हे तिला माहीत असले पाहिजे.

भाषेची निवड

आठवीच्या प्रवेशअर्जात एक छोटासा रकाना असतो, पण त्याचा परिणाम दहावीपर्यंत टिकतो. हिंदी पूर्ण घ्यायची, संस्कृत पूर्ण घ्यायचे, की हिंदी-संस्कृत संयुक्त? बहुतेक घरांत हा निर्णय शेजारच्या मुलाने काय घेतले यावर होतो. संस्कृतात गुण चांगले पडतात, असा समज सर्वत्र आहे. तो पाठांतराची आवड असलेल्या मुलाच्या बाबतीत खरा ठरतो, इतरांच्या बाबतीत ठरेलच असे नाही. पाठशाळेत लहानपणापासून स्तोत्रे म्हणणाऱ्या मुलांची जीभ संस्कृत-प्राकृताला वळलेली असते, हा मात्र आपल्या मुलांचा खरा लाभ आहे. राज्य मंडळाच्या विषयांत अर्धमागधीही आहे, याची कल्पना अनेक पालकांना नसते. सगळ्या शाळांत ती शिकवली जात नाही, पण विचारण्यास हरकत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठी आणि पालीबरोबर प्राकृतलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्यामुळे या भाषांच्या अभ्यासाकडे नव्याने लक्ष वेधले गेले आहे. निवड कोणतीही असो, ती मुलाला विचारून व्हावी. तीन वर्षे तो विषय त्यालाच वाचायचा आहे.

सेमी-इंग्रजीचा प्रश्नही असाच आहे. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकल्याने पुढे अकरावीला सोपे जाते, हे खरे. परंतु सातवीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलाला ‘त्रिज्या’, ‘परिमेय संख्या’, ‘संयुग’ या शब्दांचे इंग्रजी पर्याय एकदम समोर आले की विषय येत असूनही प्रश्नच कळत नाही. बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. सुट्टीत मराठी आणि इंग्रजी अशी दोन्ही पुस्तके शेजारी उघडून रोज दहा शब्द एका वहीत उतरवले, तरी जून येईपर्यंत मोठी शिदोरी जमते.

गल्ल्यावर शिकलेले गणित

गेल्या काही वर्षांच्या आठवीच्या गणिताच्या पुस्तकात ‘सूट व कमिशन’ आणि ‘चक्रवाढ व्याज’ असे दोन पाठ आहेत, तर दहावीच्या आर्थिक नियोजनाच्या पाठात वस्तू व सेवा कर आणि शेअर यांचा हिशोब आहे. दुकानात वाढलेल्या मुलाला यांतील कितीतरी गोष्टी बोलता बोलता समजू शकतात. छापील किंमत आणि विक्री किंमत यांतला फरक, अडत्याला मिळणारे कमिशन, बिलावर कराच्या दोन रकमा वेगळ्या का दाखवतात, हे वडिलांनी एखाद्या दुपारी खरे बिल हाती देऊन सांगितले, तर पुस्तकातील उदाहरण परके वाटत नाही. ज्या घराने पिढ्यान्‌पिढ्या व्याजाचा हिशोब तोंडी केला, त्या घरातील मुलाने चक्रवाढ व्याजाच्या सूत्राला घाबरावे, यात मुलाचा दोष थोडा आणि घरातील अबोल्याचा जास्त असतो.

दाखल्यावरील एक अक्षर

हिशोबाच्या वहीतील चूक व्यापारी त्याच रात्री शोधून काढतो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील चूक मात्र वर्षानुवर्षे तशीच राहते. जुन्या शाळेतून दाखला घेताना मुलाचे, वडिलांचे आणि आईचे नाव, आडनाव, जन्मतारीख आणि धर्म-जातीची नोंद नीट वाचावी. ‘शहा’ आणि ‘शाह’ यांतील फरक बोलताना जाणवत नाही, पण आधार कार्डावर एक आणि दाखल्यावर दुसरे असले की पुढे प्रत्येक अर्जावर अडतो. धर्माच्या रकान्यात ‘जैन’ अशी स्पष्ट नोंद आहे का, हेही पाहावे. जैन समाजाला २०१४ च्या जानेवारीत राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला आणि पुढे महाविद्यालयीन प्रवेशाच्या वेळी या नोंदीला महत्त्व येते. विद्यार्थी शाळेत असेपर्यंत दुरुस्तीचा मार्ग तुलनेने सोपा असतो. दहावी होऊन तो बाहेर पडला की तीच दुरुस्ती फार कष्टाची होते.

डबा आणि सूर्यास्त

आपल्या घरांचा एक प्रश्न शाळेच्या कोणत्याही माहितीपत्रकात नसतो. पश्चिम महाराष्ट्रात जूनमध्ये सूर्य सातनंतर मावळतो, डिसेंबरमध्ये मात्र सहाच्या आसपासच. पाचला सुटणारी शाळा, त्यानंतर शिकवणी आणि मग एसटी, असा दिवस असेल तर जूनमध्ये सूर्यास्तापूर्वी सहज होणारे जेवण हिवाळ्यात होणे अशक्य होते. मग मूल एक तर उपाशी झोपते किंवा घरापासून लपवून काहीतरी खाते. दोन्ही गोष्टी वाईट आहेत, आणि दुसरी अधिक, कारण तेथून लपवण्याची सवय लागते. शिकवणीची वेळ ठरवतानाच डिसेंबरचा सूर्यास्त लक्षात घ्यावा. शक्य असेल तर सकाळची शिकवणी पाहावी, नाहीतर संध्याकाळचा वेगळा डबा द्यावा. तेही जमत नसेल तर नियम कितपत पाळायचा, हे घरातील वडीलधाऱ्यांनी मुलासमोर मोकळेपणाने बोलून ठरवावे.

कांदा, लसूण किंवा बटाटा का खात नाही, असे नवे मित्र विचारणारच. ‘आमच्यात चालत नाही’ एवढेच उत्तर ज्याच्याकडे असते, ते मूल चेष्टेला लवकर बळी पडते. जमिनीखाली वाढणाऱ्या कंदात अनंत जीव मानले जातात आणि शक्य तितकी हिंसा टाळायची, हे त्याला दोन सोप्या वाक्यांत सांगता आले पाहिजे. त्याच वेळी दुसऱ्याच्या डब्याला नावे ठेवायची नाहीत, हेही त्याने घरातूनच शिकून जावे. पर्युषण आणि दशलक्षण पर्वाचे दिवस अनेकदा पहिल्या घटक चाचणीच्या आसपास येतात. मुलाला उपवास किंवा एकासन करायचे असेल तर वर्गशिक्षकांना आधी चिठ्ठी द्यावी, म्हणजे खेळाच्या तासाला गैरसमज होत नाही.

घरापासून दूर जाताना

काही मुले आठवीसाठी बोर्डिंगमध्ये जातात. ही परंपरा समाजाला नवी नाही. १८८७ मध्ये कुंभोज येथे जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकले. पुढे १९१९ मध्ये त्यांनी काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. तेथील मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. मूल शिकायचे तर आधी त्याच्या जेवणाची, झोपण्याची आणि मायेची सोय हवी, हे त्या दांपत्याने ओळखले होते. आजही मुलाला वसतिगृहात ठेवताना फीच्या पावतीइतकेच महत्त्व या तीन गोष्टींना द्यावे. फोनचा दिवस आणि वेळ ठरलेली असावी, आणि तो फोन गल्ल्यावर गिऱ्हाइकाला सुट्टे देता देता केलेला नसावा. दुकानातून बोलणाऱ्या वडिलांना मूल फक्त ‘बरे आहे’ एवढेच सांगते.

पहिली चाचणी

सातवीपर्यंत पहिल्या पाचात असलेल्या मुलाचे आठवीच्या पहिल्या चाचणीत गुण घसरणे ही सामान्य गोष्ट आहे. वर्ग मोठा असतो, प्रश्नांची पद्धत नवी असते आणि मन अजून स्थिरावलेले नसते. त्या दिवशी घरात काय बोलले जाते, यावर बरेच अवलंबून असते. रागावलेले वडील मुलाला समजू शकतात. खरी हानी करते ते सहज, प्रेमाने उच्चारलेले एक वाक्य, ‘जाऊ दे, नाहीतरी पुढे दुकानच सांभाळायचे आहे.’ काका म्हणतात, आजोबा म्हणतात, आणि सगळे हसतात. मूल मात्र त्यातून एवढेच ऐकते की त्याच्या शिकण्याची या घराला खरी गरज नाही. त्यानंतर ते शाळेत जाते, पण मनाने आधीच गल्ल्यावर बसलेले असते. मुलीला हेच वाक्य वेगळ्या शब्दांत ऐकवले जाते आणि त्याचा परिणाम अधिक खोल होतो.

दुकान सांभाळणे कमीपणाचे मुळीच नाही. ज्याने पुढे दुकान चालवायचे त्यालाही करकायदा वाचता यावा, बँकेशी पत्रव्यवहार करता यावा आणि परगावच्या व्यापाऱ्याशी इंग्रजीत बोलता यावे, अशी आज स्थिती आहे. म्हणून दुकान हा शिक्षणाला पर्याय म्हणून मुलासमोर ठेवू नये. गुण कमी पडले तर उत्तरपत्रिका घेऊन बसावे आणि चुका कोठे झाल्या, न कळल्याने की घाईने, एवढेच पाहावे. तोटा झाला म्हणून कोणी दुकान बंद करत नाही. माल कोठे अडकला ते पाहतो आणि पुढच्या हंगामाची तयारी करतो.

या साऱ्या तयारीचा खर्च पैशांत फारसा नाही. तो वेळेत आहे, आणि व्यापारी घरात वेळ हीच सर्वांत महाग वस्तू असते. जूनपासून दिवाळीपर्यंत रोज रात्री दुकान मिटल्यावर वीस मिनिटे मुलासाठी राखून ठेवली, फोन बाजूला ठेवला आणि ‘आज किती गुण पडले?’ याऐवजी ‘आज शेजारी कोण बसले होते?’ असे विचारले, तर मूल हळूहळू बोलू लागते. एकदा ते बोलते राहिले की शाळेतली अडचण घरापर्यंत वेळेवर पोचते, आणि वेळेवर पोचलेली अडचण बहुधा सुटते.