घर किती मिनिटांवर? : रामवाडीच्या निमित्ताने काही हिशेब

पेणजवळच्या रामवाडीवरून मुंबई-गोवा महामार्गाने पनवेलच्या दिशेने निघालो की डाव्या-उजव्या हाताला घरांच्या जाहिरातींचे फलक लागतात. त्यांत अंतर किलोमीटरमध्ये जवळजवळ नसतेच, मिनिटांमध्ये असते. विमानतळ इतक्या मिनिटांवर, अटल सेतू तितक्या मिनिटांवर. ही मिनिटे कुठल्या दारापासून कुठल्या दारापर्यंतची, सकाळी आठची की रात्री दोनची, स्वतःच्या मोटारीची की एस.टी.ची, हे कुठेही लिहिलेले नसते. परवडणारे घर घ्यायला निघालेल्या माणसाच्या आयुष्याचा मोठा भाग या न लिहिलेल्या तपशिलावर ठरतो, म्हणून तो तपासण्याचा हा प्रयत्न.

नोकरीच्या जागेपासून लांब जावे तसे घर स्वस्त होत जाते, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. तरी ते शास्त्रात मांडले गेले आहे. जर्मन जमीनदार फॉन थ्यूनन याने १८२६ साली शेतीसंदर्भात ते मांडले : बाजारपेठेपासून शेत जितके दूर, तितका माल वाहून नेण्याचा खर्च अधिक आणि तितका त्या जमिनीचा खंड कमी. विल्यम अलोन्सो या अमेरिकन अभ्यासकाने १९६४ मध्ये हाच विचार शहराला लावला. इथे माल म्हणजे माणूस, आणि त्याला रोज दोनदा वाहून न्यावे लागते. या मांडणीतले महत्त्वाचे वाक्य सहसा विसरले जाते. स्वस्त घर म्हणजे फायदा नव्हे. घराच्या किमतीत जी सूट मिळते ती प्रवासाची भरपाई असते. प्रश्न एवढाच, की ती भरपाई पुरेशी आहे का, आणि घरातल्या कोणाला मिळते.

योगायोग असा, की अलोन्सोचे पुस्तक निघाले त्याच वर्षी, १९६४ मध्ये, दिवा-पनवेल रेल्वेमार्ग सुरू झाला. १९६६ मध्ये तो आपट्यापर्यंत आला आणि १९८६ मध्ये रोह्यापर्यंत. मराठी मध्यमवर्गाच्या घरांचा इतिहास असाच रुळांच्या मागे मागे चाललेला आहे. १८५३ मध्ये गाडी ठाण्याला गेली, १८६७ मध्ये विरारला. माणसे मात्र लगेच गेली नाहीत. गिरगावातले बिऱ्हाड दादरला, दादरचे पार्ल्याला, मग डोंबिवली, मग बदलापूर असे सरकायला पिढ्या लागल्या. सिडकोची स्थापना १९७० ची, पण वाशीला खाडीवरून लोकल आली १९९२ मध्ये आणि पनवेलला १९९८ मध्ये. शहर नकाशावर आधी येते आणि गाडी नंतर, आणि मधल्या वर्षांत जे राहायला जातात ते ती दरी स्वतःच्या पायांनी भरून काढतात. उरणच्या लोकांना विचारावे. खारकोपरपर्यंतची लोकल नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाली आणि पुढची उरणपर्यंतची जानेवारी २०२४ मध्ये. एवढ्या अवधीत मूल पहिलीतून सहावीत जाते.

त्याच नोव्हेंबर २०१८ मध्ये पेणला मेमू गाडी मिळाली. पेण उपनगर झाले, असे तेव्हा बरेच म्हटले गेले. माझ्या मते पेण उपनगर आहे, पण मुंबईचे नव्हे, पनवेलचे. पेण ते पनवेल अंतर सुमारे ३५ किलोमीटर. मध्ये हमरापूर, जिते, आपटा, रसायनी, सोमाटणे ही स्थानके. पनवेलला उतरून हार्बरची लोकल धरली की मुंबईच्या टोकाला पोचायला आणखी सुमारे ऐंशी मिनिटे. दोन्ही गाड्यांमधली वाट पाहणे, घर ते स्थानक आणि स्थानक ते कचेरी हे मिळवले तर फोर्टमध्ये काम करणाऱ्याचा एका बाजूचा प्रवास तीन तासांच्या घरात जातो. हे रोज करणारे आहेत. त्यांच्याबद्दल आदर आहे, पण त्यावरून इतरांनी घर ठरवू नये. पनवेल, कळंबोली, तळोजे, न्हावा-शेवा बंदर, आता नवी मुंबईचा विमानतळ, या पट्ट्यात ज्याची नोकरी आहे त्यानेच पेणचा विचार रोजच्या येण्याजाण्यासाठी करावा.

अंतरापेक्षाही मोठा फरक आहे तो वारंवारितेचा. पनवेलहून मुंबईकडे लोकल सुटली तर माणूस पुढच्या लोकलची वाट बघतो. पेणची मेमू सुटली तर तो रस्त्यावर येतो, कारण मेमू दिवसाला मोजक्याच आहेत. या मार्गावर रुळांची दुसरी जोडी पडली, वीजही आली, पण हा मार्ग मुळात कोकण रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांचा रस्ता आहे. त्यांपैकी बहुतेक पेणला न थांबता जातात आणि त्यांना वाट करून द्यायला थांबते ती मेमू. म्हणून रामवाडीतल्या नोकरदाराचे खरे वाहन एस.टी. रायगड विभागाचे कार्यालय रामवाडीतच असल्यामुळे आणि अलिबाग, रोहे, महाडकडच्या गाड्या महामार्गावरूनच जात असल्यामुळे इथे गाडी मिळते. फक्त ती मागून भरून येते. उभ्याने प्रवास करायचा की पुढची बघायची, हा निर्णय रोज सकाळी घ्यावा लागतो. आणि महामार्गाबद्दल काय सांगावे! पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाला २०११ मध्ये सुरुवात झाली, त्यानंतर किती गणपती आले आणि गेले ते कोकणातल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

यावरून एक कसोटी सुचते. घर बघायला जाताना रविवारी दुपारी मोटारीने जाऊ नये. कामाच्या दिवशी, ज्या वेळी रोज निघावे लागेल त्या वेळी, जे वाहन रोज वापरायचे त्याच वाहनाने एकदा जावे आणि संध्याकाळी परत यावे. पावसाळ्यात असेल तर अधिक चांगले. त्याचबरोबर परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे ते विचारावे. पहिली गाडी चुकली तर उशिराचा शेरा बसतो. शेवटची चुकली तर रात्र जाते. दुसऱ्या पाळीत काम करणाऱ्याला घराचा भाव दुय्यम आहे, शेवटची गाडी मुख्य आहे.

आता पैशाचा हिशेब. खालचे आकडे उदाहरणासाठी मानलेले आहेत, बाजारभाव म्हणून घेऊ नयेत. वाचकाने आपले आकडे घालून पाहावेत. समजा, पनवेलमध्ये एक घर ५० लाखांना आहे आणि रामवाडीत साधारण तेवढेच घर २८ लाखांना. फरक २२ लाखांचा. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी कर्ज काढले तर दर लाखाला महिना सुमारे ८६८ रुपये हप्ता पडतो, म्हणजे २२ लाखांवर महिना सुमारे १९,१०० रुपये वाचले. नोकरी पनवेलला धरू. जाऊन-येऊन रोज अडीच तास जादा, महिन्याला २४ दिवस, म्हणजे ६० तास. भाडे रोजचे १५० रुपये धरले तर महिना ३,६००. वजा जाता उरले १५,५००, म्हणजे प्रवासाच्या प्रत्येक तासाचे सुमारे २५८ रुपये मिळाले. महिना ५० हजार पगार असलेल्या आणि दिवसाला नऊ तास कामावर असणाऱ्या माणसाच्या कामाचा तास पडतो सुमारे २३१ रुपयांना. म्हणजे रामवाडी थोड्या फरकाने जिंकली.

पण त्या घरातून दोघे नोकरीला जात असतील तर? घराच्या किमतीतली बचत तेवढीच राहते, १९,१००. भाडे दुप्पट, ७,२००. उरले ११,९००. तास मात्र १२०. एका तासाला ९९ रुपये. दुसऱ्या माणसाचा पगार पहिल्याच्या निम्मा असला तरीही हा सौदा तोट्याचा ठरतो. घराची सूट घराला एकदाच मिळते आणि प्रवासाची किंमत माणशी द्यावी लागते, ही साधी गोष्ट मी पाहिलेल्या कुठल्याही कर्जाच्या तक्त्यात नाही. बँक दोघांचे पगार एकत्र धरून कर्ज वाढवून देते. दोघांचे तास एकत्र धरत नाही. व्यवहारात पुढे काय होते ते आपण आजूबाजूला पाहतो. दोघांपैकी एकाची नोकरी सुटते, आणि ती बहुधा बायकोची असते. मग ज्या दोन पगारांवर हप्ता बेतला होता त्यांतला एक गेलेला असतो. स्वस्त घराची किंमत अशा वेळी घरातल्या एकाच व्यक्तीने भरलेली असते, आणि तिचे नाव कधी कधी खरेदीखतावरही नसते.

महिना ६० तास म्हणजे वीस वर्षांत १४,४०० तास. झोपेचे आठ तास सोडून दिवस सोळा तासांचा धरला तर नऊशे दिवस, जवळजवळ अडीच वर्षे. ब्रूनो फ्राय आणि अलोइस स्टुट्झर या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतल्या कुटुंबांची माहिती अभ्यासून २००८ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. लांबचा प्रवास करणाऱ्यांना स्वस्त घर किंवा चांगला पगार यांतून पुरेशी भरपाई मिळत असेल तर त्यांचे समाधान इतरांएवढेच असायला हवे. प्रत्यक्षात ते कमी आढळले. माणूस खोल्या मोजून घेतो, तास मोजत नाही, असा त्याचा अर्थ मी लावतो. शिवाय घर वीस वर्षांचे असते आणि नोकरी तितकी टिकेलच असे नाही. म्हणून एका कारखान्याच्या जवळचे घर घेण्यापेक्षा जिथून दोन-तीन दिशांना कामाला जाता येते असे ठिकाण मला बरे वाटते. रामवाडीची खरी जमेची बाजू हीच आहे : एका बाजूला पनवेल, दुसरीकडे वडखळ नाक्यावरून अलिबाग, डोलवीचा पोलाद कारखाना, पुढे नागोठणे.

भाव वाढेल या आशेवर घेणाऱ्यांसाठी वेगळा लेख लागेल. अटल सेतू झाला, पण त्यावरून रेल्वे जात नाही आणि मोटारीला एका वेळचा टोल २५० रुपये आहे. ज्याला परवडणारे घर हवे त्याला तो रोज परवडणारा नाही.

जमिनीकडे वळू. या भागातली नावे वाचायला शिकले पाहिजे. खारपाडा, खारघर, खारकोपर यांत ‘खार’ आहे. भरतीचे पाणी बांध घालून अडवले आणि मिठागर किंवा भातशेती केली, ती ही जमीन. पेणच्या पश्चिमेचा खारेपाट असाच बांधांच्या भरवशावर उभा आहे. उधाणाच्या भरतीला बांधाला खांड गेली की शेतात खारे पाणी शिरते आणि पुढची काही वर्षे पीक येत नाही. इमारतीला पिकाची चिंता नसते, पण जोत्याची असते. अतिवृष्टी आणि अमावास्या-पौर्णिमेचे उधाण एकाच दिवशी आले की नद्यांचे पाणी समुद्र घेत नाही, ते मागे फुगते. १९८९ च्या जुलैत अंबा नदीने जांभूळपाडा आणि नागोठण्यात काय केले ते या जिल्ह्यात अजून सांगितले जाते. २००५ चा जुलैही विसरण्यासारखा नाही. नकाशातली पूररेषा बघावीच, पण आसपासच्या म्हाताऱ्या माणसालाही विचारावे, ‘पाणी कुठवर आलं होतं?’ ते हाताने भिंतीवर दाखवतात.

कागदांचे थोडक्यात सांगतो, कारण त्यावर पुष्कळ लिहिले जाते. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरचा किंवा आठपेक्षा जास्त सदनिकांचा प्रकल्प महारेराकडे नोंदलेला असला पाहिजे. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ लिहिले असेल, कुळकायद्याच्या कलम ४३ चा शेरा असेल, किंवा जमीन आदिवासी खातेदाराची असेल, तर परवानगीशिवाय तिचा व्यवहार होत नाही. बिनशेती आदेश बघावा, ‘होईल, प्रस्ताव टाकलाय’ हे ऐकून घेऊ नये. पेणकर याबाबत जास्त सावध असतात. २०१० मध्ये पेण अर्बन बँक बंद पडली तेव्हा घरासाठी साठवलेले पैसे किती जणांचे अडकले, हे गावात अजून विसरलेले नाहीत.

पाण्याची चौकशी मात्र कोणी करत नाही. पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाचे पाणी सिडकोच्या वसाहतींना जाते. याच धरणाच्या लाभक्षेत्रातल्या बावीस गावांमध्ये सप्टेंबर २००८ मध्ये महामुंबई सेझच्या प्रश्नावर सरकारने शेतकऱ्यांचे मत घेतले होते. सिंचनाचे पाणी मिळणार असलेली जमीन आम्ही का द्यावी, हा त्यांचा सवाल होता. तालुक्यात धरण आहे एवढ्यावरून आपल्या इमारतीच्या नळाला पाणी येईल असे समजू नये. नळजोडणी ग्रामपंचायतीची, नगरपरिषदेची की कूपनलिकेची, आणि मे महिन्यात टँकरला महिना किती वर्गणी निघते, हे त्याच इमारतीतल्या बाईला विचारावे.

जाता जाता रोह्याबद्दल, कारण पेणला भाव चढले की दलाल तिकडे बोट दाखवतात. पनवेलपासून रोहे रेल्वेने सुमारे ७५ किलोमीटर. तिथून पनवेलला रोज येणे-जाणे हे माझ्या वरच्या हिशेबात कुठल्याच पगाराला बसत नाही. पण रोह्याला धाटावची औद्योगिक वसाहत आहे. ज्याचे काम धाटावला आहे तो सायकलवर कामाला जातो आणि दुपारी जेवायलाही घरी येऊ शकतो. त्याच्या घराला मिळणारी सूट ही प्रवासाची भरपाई नसून निव्वळ सूट आहे. रसायनांच्या कारखान्यांचा वारा कुठल्या दिशेने वाहतो आणि कुंडलिकेचे पाणी कुठे चढते, एवढे मात्र त्यानेही पाहून घ्यावे. पेणच्या तरुणाने पनवेलला नोकरी शोधताना एकदा डोलवी-नागोठणे-धाटाव या उलट्या दिशेलाही अर्ज टाकून पाहावा. सकाळी त्या बाजूला जाणाऱ्या एस.टी.त बसायला जागा असते.